ओट बिस्किटे, घरगुती

ओट्सचे चपटे पोहे, कणीक किंवा मैदा, लोणी किंवा तूप आणि साखर, गूळ वा पाक यांच्या मिश्रणाचे गोळे थापून, ते कोरड्या उष्णतेवर भाजून केलेला टिकाऊ गोड पदार्थ. त्याचे मूळ उत्तर युरोपातील असले, तरी जळगाव, धुळे व नंदुरबार या खान्देशी जिल्ह्यांत तो आता दिवाळीच्या फराळातल्या नानकटाईच्या जोडीने काही घरांत केला जातो.

ओट (शास्त्रीय नाव : अव्हेना सटायव्हा) हे थंड व दमट हवेत, गव्हाला न मानवणाऱ्या हलक्या जमिनीतही येणारे तृणधान्य असल्यामुळे स्कॉटलंड व स्कँडिनेव्हिया या प्रदेशांत शतकानुशतके ते सामान्य माणसाचे रोजचे अन्न होते. ज्वारी, बाजरी, कापूस आणि केळी पिकवणाऱ्या खान्देशाच्या उष्ण पट्ट्यात त्याला धान्याचे पीक म्हणून परंपरा नाही. महाराष्ट्रात ते रब्बी हंगामात मुख्यतः जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात. त्यामुळे येथे बिस्किटांसाठी लागणारे ओट्स दुकानातल्या पाकिटांतूनच येतात. ओटच्या दाण्यात गव्हापेक्षा स्निग्धांश जास्त असतो आणि तो लवकर खवट होतो, म्हणून दाण्यांना वाफ देऊन त्यांतील विकरे (एन्झाइम) निष्क्रिय करतात व मग ते रुळांखाली चपटे करतात.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांचे अँझॅक बिस्कीट. २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या या दोन देशांच्या संयुक्त सैन्यदलाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले असून, दरवर्षी त्या दिवशी ते आवर्जून करतात. सैनिकांच्या शिध्यातले बिस्कीट मात्र याहून अगदी वेगळे, दाताला न जुमानणारे कडक असे. अँझॅक बिस्किटात ओट्स, मैदा, साखर व सुके खोबरे साधारण समप्रमाणात घेतात. लोणी आणि गोल्डन सिरप (साखरेचा दाट सोनेरी पाक) एकत्र वितळवून त्यात उकळत्या पाण्यात विरघळवलेला खाण्याचा सोडा ओततात आणि हे फसफसते मिश्रण कोरड्या जिनसांत कालवतात. अंडे मुळीच लागत नाही. खान्देशातील अनेक शाकाहारी घरांना हाच प्रकार सर्वांत सोयीचा आहे. शिवाय काळ्या मसाल्यासाठी सुके खोबरे या स्वयंपाकघरांत बारमाही असतेच.

गोल्डन सिरपऐवजी काकवी वापरली, तर बिस्कीट अधिक गडद व खमंग होते. सोड्याला फुलण्यासाठी लागणारी किंचित आम्लता काकवीत असते, म्हणून ही अदलाबदल पाककृतीला धरूनच आहे. साखर कोरडीच घातली आणि पाक वगळला, तर बिस्कीट पसरत नाही व भुसभुशीत होते. ओटच्या प्रथिनांपासून गव्हासारखा चिकट ताण तयार होत नाही. त्यामुळे कणीक पूर्णपणे वगळल्यास गोळा सुटतो. ओट्स पाणी सावकाश शोषतात, म्हणून कालवलेले मिश्रण पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा लोणी हाताखालीच वितळते व बिस्किटे भट्टीत एकमेकांना चिकटतात. अशा दिवसांत थापलेले गोळे आधी फ्रीजमध्ये घट्ट करून घेणे आवश्यक ठरते.

भाजण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. ओव्हन असल्यास १६० ते १७० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटे लागतात. ओव्हन नसल्यास कुकरची शिट्टी व रबर काढून, तळाशी मीठ पसरून, त्यावर जाळी व ताटली ठेवून मंद आचेवर भाजतात. तिसरी पद्धत सर्वांत जुनी आणि सामाजिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची आहे : रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून गावातल्या बेकरीवर न्यायची आणि भट्टीवरून नानकटाई भाजून आणायची. याच भट्टीत ओट बिस्किटांचे पत्रेही भाजून घेता येतात.

तृणधान्य, स्निग्ध पदार्थ व गोडी यांवर उभे असलेले पदार्थ जगभर आहेत. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडमध्ये साखर, लोणी व मैदा यांचे पारंपरिक प्रमाण १ : २ : ३ असते, अरब देशांतील घुरैबा आणि आपली नानकटाई हे त्याच घडणीचे पदार्थ. स्पेनच्या पोल्व्होरोनसाठी पीठ आधी कोरडे भाजून घेतात, त्यामुळे त्याची चव बेसनाच्या लाडवाच्या जवळ जाते. यॉर्कशरचे पार्किन हे ओटचे पीठ व काळा पाक यांचे केकसारखे पक्वान्न ५ नोव्हेंबरला खातात आणि ते काही दिवस मुरल्यावरच चांगले लागते. स्वीडनमध्ये ओट्स, लोणी, साखर व कोको यांचे लाडू न भाजताच वळतात.

खान्देशाची स्वतःची परंपरा यांहून कमी समृद्ध नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकींसाठी सांजोऱ्या तळल्या जातात आणि पालथ्या खापरावर हातांनी फिरवून मोठी केलेली पुरणपोळी आमरसाबरोबर वाढली जाते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाई या देवीच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरातील पुरुषांच्या नावाने गहू मोजून घेतात, आणि तो प्रसाद भाऊबंदांतच खाल्ला जातो. या पदार्थांना विधीचे स्थान आहे; ओट बिस्किटाला ते नाही, त्याची जागा मधल्या वेळच्या चहाबरोबरची आहे.

ओट बिस्किटे ‘पौष्टिक’ म्हणून खाल्ली जातात, त्याबाबत तारतम्य हवे. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास दिवसाला सुमारे ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हा तंतू उपयुक्त मानला जातो आणि ओट्समध्ये तो साधारण ४ टक्के असतो. एका बिस्किटात १० ग्रॅम ओट्स धरले, तर तेवढा तंतू मिळवण्यास सात-आठ बिस्किटे खावी लागतील आणि त्यांबरोबर जाणारी साखर व लोणी हा लाभ झाकून टाकतील. त्यापेक्षा ओट्सची लापशी अधिक उपयोगी. मधुमेही व्यक्तींसाठी साखरेऐवजी काकवी किंवा गूळ वापरल्याने धोका टळत नाही, कारण तीही साखरच आहे.

बिस्किटे पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरतात. पावसाळ्यात ती लवकर सादळतात. अशी सादळलेली बिस्किटे तव्यावर किंवा कुकरमध्ये मंद आचेवर पाच मिनिटे गरम करून गार होऊ दिली, की पुन्हा कुरकुरीत होतात.