इंग्रजी मेन्यूवरील फ्रेंच मिष्टान्ननामे

फ्रेंच गोड पदार्थांची नावे इंग्रजी मेन्यूवर देताना ती तशीच ठेवणे, भाषांतरित करणे वा अर्धवट बदलणे, असे तिन्ही प्रघात आढळतात. एक्लेअर, मूस, सूफ्ले ही नावे बदलली नाहीत. 'पेश मेल्बा'मधील पेशचे पीच झाले, मेल्बा कायम राहिली. हा पदार्थ फ्रेंच शेफ ऑग्यूस्त एस्कॉफिए यांनी १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गायिका नेली मेल्बा यांच्यासाठी केला. 'मिल-फय' म्हणजे हजार पाने, पापुद्र्यांच्या थरांत क्रीम भरलेला पदार्थ. त्याच्या जवळचा पदार्थ ब्रिटनमध्ये व्हॅनिला स्लाइस, तर अमेरिकेत नेपोलियन म्हणून मिळतो. या दुसऱ्या नावाचा संबंध सम्राटापेक्षा नेपल्स शहराशी असावा, असे मत अधिक ग्राह्य वाटते.

सर्वाधिक वाद 'क्रेम ब्र्यूले'च्या, म्हणजे वर जाळलेल्या साखरेचा थर असलेल्या क्रीमच्या, उगमाविषयी आहे. या नावाची कृती फ्रेंच आचारी फ्रांस्वा मासियालो यांच्या १६९१ च्या पाकग्रंथात येते. तीत अंड्यांचा बलक, दूध व चिमूटभर पीठ चुलीवर शिजवून वरची साखर लालभडक तापवलेल्या फावड्याने जाळायची आहे. आजच्यासारखी ती भट्टीत भाजलेली साय नव्हे. याच ग्रंथाच्या १८व्या शतकातील एका आवृत्तीत तिला 'क्रेम आंग्लेज' म्हणजे इंग्रजी क्रीम म्हटले असल्याने मूळ इंग्लंडकडे नेणाऱ्यांना आधार मिळाला. इंग्रजीत तेव्हा 'बर्न्ट क्रीम' रूढ होते. एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या १७६९ च्या पुस्तकात वितळलेली साखर क्रीमवर ठेवलेल्या काचेच्या ताटलीसारखी दिसावी, असे सांगितले आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात मात्र हा पदार्थ १८७९ च्या सुमारास आला असावा. तेथे तापलेल्या लोखंडी छापाने त्यावर कॉलेजचे चिन्ह उमटवीत. तेथेच तो जन्मला, ही आख्यायिका वरील ग्रंथांपुढे टिकत नाही. स्पेनच्या कातालोनियातील 'क्रेमा कातालाना'ही दावेदार आहे. तीत स्टार्च, दालचिनी व लिंबाची साल असते आणि ती १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला करतात. जुन्या कातालान ग्रंथांत अंडी-दुधाची क्रीम सापडते, पण जळक्या साखरेचा थर इतका मागे नेणे धाडसाचे ठरेल. मासियालोंच्या कृतीतही दालचिनी आणि लिंबाची साल आहेच, त्यामुळे एकाच उगमाचा आग्रह धरू नये.

इंग्रजी मेन्यूवर 'बर्न्ट क्रीम' मागे पडून फ्रेंच नाव पक्के झाले ते १९८० च्या दशकात. न्यूयॉर्कच्या ल सिर्क रेस्टॉरंटचा त्यात मोठा वाटा होता. जळलेले क्रीम मागवायला ग्राहक बिचकत असावेत, हेही एक कारण संभवते. 'क्रेम आंग्लेज' (आज या नावाने पातळ कस्टर्ड ओळखले जाते) हे नावही असेच राखले जाते, कारण 'कस्टर्ड' लिहिले की ते घरगुती वाटते आणि दर चढवता येत नाही.

भारतात 'क्रेम कारामेल' बहुधा कॅरॅमल कस्टर्ड म्हणून मिळते.