नायिका, किशोर अद्भुतकादंबरीतील

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी अद्भुतकादंबरीत स्वतःच्या निर्णयाने कथानकाला वळण देणारी मुलगी अथवा तरुणी. सुटकेची वाट पाहणारी परीकथेतील राजकन्या आणि नायकाची केवळ सोबतीण या दोहोंहून ती भिन्न मानली जाते.

या परंपरेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. सामान्यतः ल्यूइस कॅरलच्या ॲलिसकडे (१८६५) बोट दाखवले जाते. परंतु ॲलिस प्रश्न विचारते, राणीशी वाद घालते, तरी तिच्यावर कोणाची जबाबदारी नसते. हॅन्स अँडरसनच्या ‘हिमराणी’तील (१८४४) गेर्डा आपल्या सवंगड्याला सोडवून आणते, म्हणून काही अभ्यासक आरंभ तेथवर मागे नेतात, मात्र ती दीर्घकथा आहे, कादंबरी नव्हे. या दृष्टीने जॉर्ज मॅक्डॉनल्डच्या ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’मधील (पुस्तकरूपाने १८७२) आयरीनचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. खापरपणजीने कातलेला, डोळ्यांना न दिसणारा धागा तर्जनीने चाचपत ही लहान राजकन्या डोंगराच्या पोटात शिरते, धागा दगडांच्या राशीत गेलेला आढळताच हातांनी एकेक दगड दूर करते आणि आत कोंडलेल्या कर्डी या खाणकामगार मुलाला बाहेर काढते. कर्डीला तो धागा जाणवतही नाही. अमेरिकेत एल. फ्रँक बॉमच्या ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’मधील (१९००) डोरोथी पुढे आली. बॉमची सासू माटिल्डा जॉस्लिन गेज ही स्त्रीमताधिकार चळवळीतील अग्रणी होती. तिच्या विचारांचा प्रभाव संभवनीय असला, तरी तो प्रत्येक प्रसंगात शोधणे युक्त नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नायिका शस्त्रधारी झाली. टॅमोरा पिअर्सची अलाना (१९८३) जुळ्या भावाची जागा घेऊन, मुलाच्या वेशात सरदारकीचे शिक्षण घेते. रॉबिन मॅकिन्लीची एरिन (१९८४) अग्निरोधक मलम स्वतः प्रयोगांनी सिद्ध करून ड्रॅगनशी लढते. तलवार हेच सामर्थ्याचे लक्षण धरावे काय, हा समीक्षेतील प्रमुख वाद आहे. उर्सुला ले ग्विनची टेनार या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरते. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’मध्ये (१९७१) बालपणीच पुजारीण केलेली टेनार अंधारा भूलभुलैया स्पर्शाने ओळखते आणि तेथे कोंडलेल्या गेड या जादूगाराला मारायचे की वाचवायचे, हे तीच ठरवते. १९९० मधील ‘तेहानू’त लेखिकेने तिला शेतकऱ्याची विधवा आणि भाजलेल्या मुलीचा सांभाळ करणारी प्रौढ स्त्री म्हणून पुन्हा आणले. तिचे सामर्थ्य मंत्रात वा शस्त्रात नाही, हे येथे अधिक स्पष्ट होते, आणि या प्रकारातील सर्वांत परिपक्व व्यक्तिचित्र म्हणून तिचाच निर्देश करणे उचित होईल.

फिलिप पुलमनच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मधील (१९९५) लायरा खोटे बोलण्यात तरबेज असून तिचे ते कौशल्यच कथेला पुढे नेते. हॅरी पॉटर मालेतील हर्मायनी मराठी अनुवादांमुळे इकडील वाचकांच्याही परिचयाची आहे.