शिरोवस्त्र केसांना टाचायचं नसतं

मध्ययुगीन युरोपच्या रीइनॅक्टमेंटला, म्हणजे त्या काळचा पोशाख करून तो काळ पुन्हा उभा करण्याच्या कार्यक्रमांना, जाणाऱ्या बायकांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: डोक्यावरचं लांब शिरोवस्त्र घसरत असेल तर काळ्या पिनांनी केसांत घट्ट खोचा. सल्ला चुकीचा आहे. केस गुळगुळीत, कापडाचं वजन सगळं मागे. पिना हळूहळू सरकतात आणि मुळांना ओढ बसते.

टाचणी कापडातून कापडातच जायला हवी, म्हणून आत लिननची टोपी लागते. चौदाव्या शतकातल्या स्वीडिश संत बिर्गिटाची मानली जाणारी अशी एक टोपी नेदरलँड्समधल्या उडेनला जपलेली आहे. दोन अर्धे भाग मधोमध भरतकामाने जोडलेले आणि कडेच्या पट्टीचा मागे लांब फास. फासाला मानेमागे पीळ द्यायचा आणि तो पुन्हा डोक्यावर घ्यायचा. आधी दोन वेण्या डोक्याभोवती गुंडाळल्या की त्याला धरायला आधार मिळतो. पीळ डोक्याच्या मागच्या उंचवट्याखालीच बसला पाहिजे. वर बसला तर कितीही आवळा, निसटणारच, आणि डोकेदुखी फुकट.

टोपीवर कपाळाभोवती तीनेक सेंटीमीटर रुंद लिननची पट्टी, मग हनुवटीखालून जाणारं विंपल, म्हणजे गळा झाकणारं कापड, सर्वांत वर शिरोवस्त्र. टाचणी साधी पितळी. ती दोनदा आत-बाहेर काढली तरच टिकते. एकाच टाक्यावर ठेवली तर मान वळवताच सुटते. विंपल टाचताना जबडा थोडा उघडा ठेवा, नाहीतर जेवताना गळा आवळतो. रेशीम दिसतं छान, पण नवख्यांनी लिननच घ्यावं.