'इस्तंबूल'मधल्या उदासीच्या तारखा

तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांचं 'इस्तंबूल' (२००३) हे आठवणींचं पुस्तक वाचणारे बहुधा दहाव्या प्रकरणात अडखळतात. 'ह्युझुन' (तुर्कीत उदासी) म्हणजे काय हे सांगताना तिथे एकच वाक्य पानांमागून पानं चालतं. एवढी उदासी कशाची? लेखकाचं घर तर खातंपितं: इस्तंबूलच्या निशांताशी भागात कुटुंबाच्याच नावाची पाच मजली इमारत, आजोबांनी रेल्वेच्या कामांतून कमावलेला पैसा. तो वडील-काकांनी धंद्यात घालवला, ही गोष्ट वेगळी.

कारण लेखकाच्या जन्माआधीचं (१९५२) आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये सुलतानपद गेलं, ऑक्टोबर १९२३ मध्ये अंकारा राजधानी झाली, मार्च १९२४ मध्ये खिलाफतही संपली. दीड वर्षाच्या आत ऑटोमन साम्राज्याचं शहर नुसतं शहर उरलं.

त्याहून खोल घाव लिपीचा. नोव्हेंबर १९२८ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९२९ पासून पुस्तकं अरबी लिपीऐवजी रोमन लिपीतच छापायची असं ठरलं. पणजोबांचे मोडीतले कागद घेऊन जाणकार शोधत फिरलेल्या नाशिककराला यातलं दुखणं सांगायला नको. पण मोडी आपल्याकडे हळूहळू मागे पडली. तिथे सगळं दोन महिन्यांत उरकलं.

चौथं प्रकरण पाशांच्या, म्हणजे ऑटोमन काळातल्या बड्या अधिकाऱ्यांच्या, पडक्या हवेल्यांचं. इथे आपल्या वाड्यांची आठवण होणार, पण फरक लक्षात ठेवावा. जुन्या नाशकातला वाडा पाण्याने जातो: भिंतीतली माती भिजून फुगते, तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं, मालक-भाडेकरूंच्या वादात डागडुजी राहते आणि एखाद्या जुलैत भिंत बसते. इस्तंबूलमधल्या बोस्फरस सामुद्रधुनीच्या काठच्या लाकडी हवेल्या आगीत गेल्या. त्या आगी बघायला लोक रात्री गाड्या काढून जमत.

'ह्युझुन'ला 'हुरहूर' म्हणू नये. हुरहूर एकट्याची असते, आणि तिला कशाची तरी वाट असते. इथली उदासी अख्ख्या शहराची, झालं-गेलं मान्य केलेली. उर्दूतला 'हुज़्न' हा तोच अरबी शब्द. गझल ऐकणाऱ्यांना तो लवकर कळेल.

चौथं, दहावं, अकरावं अशी तीन प्रकरणं आधी वाचावीत, मग पहिल्यापासून सुरुवात करावी. अकराव्यात भेटणाऱ्या चार लेखकांपैकी रेशात एक्रेम कोचू सोडू नका. त्यांनी एकट्या इस्तंबूलचा ज्ञानकोश काढायला घेतला. १९७३ मध्ये अकराव्या खंडात काम थांबलं तेव्हा ते 'जी' अक्षरापर्यंत पोचले होते.