थंडीत पोल सटकतोय? आधी हे करून बघा

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे सगळ्यात जास्त मेसेज एकाच गोष्टीचे येतात, एवढे दिवस पोल डान्सचा पोल मस्त चालत होता आणि आता हात लावला की आपण सर्रकन खाली येतो, पोल खराब झालाय का, बदलून मिळेल का. पोल खराब झालेला नसतो. तो गार पडलेला असतो आणि तुमची त्वचा कोरडी झालेली असते, पुण्यात नाशकात सकाळचं तापमान १० अंशांच्या आसपास आलं की हे व्हायचंच, आणि यावरचा इलाज पावसाळ्यातल्या इलाजाच्या बरोबर उलटा आहे म्हणून हे पत्रक लिहिलंय.

ग्रिप म्हणजे पोलवरची पकड नेमकी येते कुठून ते आधी बघू. तळहात, मांडी, गुडघ्यामागची खोबण इथली त्वचा किंचित दमट आणि गरम असली की मऊ पडते, पोलला नीट चिकटून बसते आणि धरून ठेवते. घाम फार झाला तर मध्ये पाण्याचा थर येतो आणि आपण घसरतो, हा आपला एप्रिल-मे आणि पावसाळ्याचा प्रॉब्लेम. थंडीत घाम जवळजवळ येतच नाही, त्वचेकडचं रक्त कमी होतं, ती कडक आणि कोरडी पडते, मग ती पोलवरून नुसतीच सरकते. आता अशा कोरड्या हाताला तुम्ही लिक्विड चॉक (घाम सुकवायला हाताला लावतात ते) लावलं तर उरलासुरला ओलावापण जातो. थंडीत चॉक बाजूला ठेवा, आधी ऊब आणि मग थोडासा ओलावा, एवढं केलंत तरी बहुतेकांचं काम होतं.

पोल गरम कसा करायचा

सगळ्यात सोपं म्हणजे कोरडं मायक्रोफायबरचं फडकं घेऊन तुम्ही जिथे धरता तेवढा भाग जोरात घासायचा, आणि मग क्लाइंब (पोलवर चढणं) आणि साधे स्पिन (पोलभोवती गिरक्या) करत राहायचं, अंगाच्या उबेने पोल हळूहळू गरम होतो. हेअर ड्रायर असेल तर वरखाली फिरवत मारा, एकाच जागी धरू नका. रूम हीटर लावायचा तर खोली आधी गरम करा, हीटर पोलपासून लांब ठेवा आणि पाय फिरतात त्या गोलात त्याची वायर येऊ देऊ नका. पितळी पोल स्टेनलेस स्टीलपेक्षा उष्णता कितीतरी पटीने जास्त वाहून नेतो त्यामुळे सुरुवातीला तो हाताला जास्तच गार लागतो, घाबरू नका, पितळाची पकड थंडीत तशी चांगलीच असते.

आणि अंग पण गरम पाहिजे. १५-२० मिनिटं सूर्यनमस्कार, दोरीउड्या, खांदे आणि मनगटं मोकळी करणं, हे सगळं लेगिंग आणि स्वेटर घालून करा आणि शॉर्ट्सवर अगदी शेवटी या. गार अंगाने इन्व्हर्टला (पोलवर उलटं, डोकं खाली) जायचं नाही, ग्रिप असो नसो.

पुसायचं कशाने

आता महत्त्वाचं, कारण इथेच जास्त गोंधळ होतो. थंडीत घरोघरी खोबरेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन सुरू होतं, ते हातापायांवरून पोलवर जातं आणि त्याचा न दिसणारा थर बसतो. क्रोम आणि स्टेनलेस स्टीलचा पोल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण अल्कोहोल उडताना पोलची उष्णता घेऊन जातं म्हणजे पोल अजून गार पडतो, म्हणून आधी पुसायचं आणि नंतर गरम करायचं, हा क्रम चुकवू नका. अल्कोहोल पेट घेतं त्यामुळे पुसताना हीटर बंद, ड्रायर पण बंद, पूर्ण वाळल्यावरच चालू करा. पावडर कोटेड किंवा सिलिकॉनचा पोल असेल तर अल्कोहोल नको, साबणाचं कोमट पाणी आणि मग कोरडं फडकं. पितळ चिंच-लिंबाने किंवा पावडरने चकचकीत केलंत तर नंतर स्वच्छ धुवून कोरडं करा, पावडर राहिली की तीच निसरडी होते.

पॉलिश पेपरने घासून खरखरीत करू का असं बरेच जण विचारतात. नका करू, कृपया. क्रोमचा थर जातो, गंज धरतो आणि त्वचा सोलली जाते.

त्वचेचं काय

अंगाला मॉइश्चरायझर लावाच, पण रात्री झोपताना, प्रॅक्टिसच्या आधी नाही, आणि तेल लावून अंघोळ सुट्टीच्या दिवशी. प्रॅक्टिसच्या वेळी पाण्यात थोडंसं ग्लिसरीन घालून मांड्या-पिंढऱ्यांवर हलका फवारा मारा, मिनिटभर थांबा, किंचित चिकट लागायला लागलं की चढा. खूप मारलंत तर उलट घसरेल. मेणाचा बेस असलेली ग्रिपची क्रीम मिळतात ती कोरड्या त्वचेला चांगली, अगदी वाटाण्याएवढी घ्यायची. मल्लखांबातून आलेली मुलं-मुली एरंडेलाबद्दल विचारतात, लाकडी खांबावर ते घर्षण कमी करायला लावतात, आपल्याला इथे घर्षण वाढवायचंय, तर धातूच्या पोलजवळ एरंडेल आणूच नका. राळही नको, तिचा थर निघता निघत नाही.

कोकण, गोव्याकडे किंवा एसी हॉलमध्ये थोडं वेगळं होतं. गार पोलवर हवेतला दमटपणा दवासारखा जमतो, विशेषतः बंद हॉलमध्ये क्लास भरला की. कोरडा टिश्यू पोलवर फिरवा, ओला झाला तर ग्लिसरीन वगैरे काही लावायचं नाही, फक्त पुसून पोल गरम करायचा.

आणि छताला टेकवून घट्ट केलेला पोल असेल तर थंडीत तो एकदा तपासाच. धातू आकसतो, पावणेतीन मीटरचा स्टीलचा पोल २० अंशांच्या फरकाने पाऊण ते एक मिलिमीटर लहान होतो, ऐकायला काहीच वाटत नाही पण पोल सैल व्हायला तेवढं पुरतं. खालून धरून जोरात हलवा, वरची प्लेट जरा जरी सरकली तर चढू नका, आधी सोबत दिलेल्या पान्याने घट्ट करा, आणि घट्ट होत नसेल तर वरच्या प्लेटचा फोटो आम्हाला पाठवा, आम्ही येऊन बघून जातो.