अटॅकनंतर पडदा फाटतो तेव्हा

हार्ट अटॅक म्हटलं की गुठळी, अँजिओप्लास्टी, स्टेंट एवढंच आपल्याला आठवतं. पण रक्ताविना मेलेला स्नायू काही दिवसांत मऊ पडतो, आतला दाब मात्र चालूच असतो. मग कधी बाहेरची भिंत फाटते, कधी झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटतो, तर कधी खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा. हे क्वचितच होतं, पण झालं तर जिवावरच बेततं.

भिंत फाटल्याची नोंद फार जुनी आहे. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी 1649 मध्ये छापलेल्या पत्रात सर रॉबर्ट डार्सी यांच्या शवविच्छेदनाबद्दल लिहिलंय: डाव्या कप्प्याच्या भिंतीला बोट जाईल एवढं भोक होतं. पडद्याचं भोक लंडनचे डॉक्टर लॅथम यांनी 1840च्या दशकात पाहिलं, तेही मृत्यूनंतरच. जिवंतपणी निदान व्हायला 1923 उजाडलं. खूण खरं तर हाताखालीच असते: काल शांत असलेल्या छातीवर आज स्टेथोस्कोप ठेवला की खरखरीत, मोठा आवाज येतो आणि तळव्याला थरथर जाणवते.

1956 मध्ये अमेरिकी शल्यविशारद डेंटन कूली यांनी असा पडदा प्रथमच शस्त्रक्रियेनं दुरुस्त केला. रुग्णानं अटॅकनंतर कित्येक आठवडे तग धरला होता. ताजा मेलेला स्नायू टाका धरत नाही, ओल्या कागदासारखा फाटत जातो. महिन्याभरात त्याचा चिवट व्रण होतो. म्हणून बरीच वर्षं 'थांबा, मग करा' हाच शिरस्ता राहिला.

गुठळी विरघळवणारी औषधं आली आणि पडदा फाटण्याचं प्रमाण घटलं. आधी ते शंभरात एक ते तीन होतं. याच औषधांच्या 1993च्या 'गस्टो' नावाच्या चाचणीतल्या 41,021 रुग्णांपैकी फक्त 84 जणांचा पडदा फाटला. त्यांतल्या शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी 94 टक्के तीस दिवसांत गेले, झालेल्यांपैकी 47 टक्के. औषधाचा हा फायदा वेळेवर पोहोचणाऱ्यालाच मिळतो. 'गॅस झालाय' म्हणून रात्रभर ओवा चावत बसलेल्या माणसाचा स्नायू सकाळपर्यंत मरून गेलेला असतो. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

2012च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 54 टक्के दगावले, नंतर झालेल्यांपैकी 18 टक्के. हे 18 टक्के वाचताना जपावं लागतं: वाट बघता बघता जे गेले, ते त्या हिशेबात धरलेलेच नाहीत.