पार्श्वभूमी : बुडालेलं गाव, प्रेमकथा आणि प्रॉम्प्टर

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या हंगामात झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या भंडारा-गडचिरोलीकडच्या भागात, सध्या एका नाटकावर वाद रंगला आहे. पुनर्वसनाच्या मोजणीसाठी वैनगंगेकाठच्या गावात आलेला तरुण तिथल्या मुलीच्या प्रेमात पडतो. दुसऱ्या अंकात कळतं, की धरणाच्या पाण्याखाली गाव केव्हाच गेलंय आणि ही दोघं भेटतात ते संगणकावर उभं केलेलं गाव आहे. मग ती दोघं तरी खरी का?

जग मिथ्या आहे, हा विचार इथे जुनाच. तो सांगणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११०चा, म्हणजे ११८८चा मानतात. तो वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला लिहिला गेला अशी इकडची श्रद्धा, तर मराठवाडा अंबाजोगाईचं नाव घेतो. रिद्धपूरला रुजलेला महानुभाव पंथ मात्र द्वैती, म्हणजे जीव, जग आणि परमेश्वर वेगळे मानणारा. त्यात प्रपंच अनित्य असला तरी जीव, देवता आणि परमेश्वर यांच्यासोबत तोही एक पदार्थ आहे. नाटकाचा ओढा याच बाजूला दिसतो. गाव टिकलं नाही, एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही.

नाटकातला संगणकाचा युक्तिवाद २००३चा आहे. ऑक्सफर्डच्या एका तत्त्वज्ञाने तीन शक्यता मांडल्या : अशी जगं चालवण्याइतकी प्रगती होण्याआधीच मानवजात संपेल, किंवा प्रगत झालेली माणसं ती फारशी चालवणारच नाहीत, किंवा आपण जवळपास नक्कीच अशा एखाद्या जगात आहोत. यातली एक खरी असली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. तिसरी सिद्ध झाली असं सांगत सुटणं चूक आहे, आणि नाटकाचं हँडबिल नेमकं तेच सांगतं.

भंडारा-पवनीकडच्या प्रेक्षकाला यातलं फार समजावून द्यावं लागत नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ची. शेत, घर, देऊळ पाण्यात गेलं आणि जुन्याच नावाचं नवं गावठाण आखलं गेलं, हे इथल्या अनेक घरांनी भोगलंय. गावाची नक्कल म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक आहे.

खरा वाद पेटलाय तो प्रॉम्प्टरवरून. रोज वेगळ्या गावी, कधी वेगळं नाटक, तालमी मोजक्या, त्यामुळे आडून संवाद पुरवणारा माणूस ही झाडीपट्टीची जुनी सोय. प्रेक्षकांनाही तो ऐकू येतो, पण कुणी मनावर घेत नाही. या नाटकात लेखकाने त्यालाच पात्र केलं. तिसऱ्या अंकात ऑर्गन थांबतो, प्रॉम्प्टर नायकाचं वाक्य मुद्दाम मोठ्याने पुरवतो, नायक ते जसंच्या तसं म्हणतो आणि नायिका विचारते, “हे बोलनं तुयं हाय का त्याचं?”

काही आयोजकांनी हा प्रवेश गाळायला लावला. रात्रभर बसायला तिकीट काढून आलेल्या माणसाला वाटेल, नट पाठांतर विसरला. रंगभूमीची नाचक्की होईल, असं त्यांचं म्हणणं. २०२३मध्ये इथल्या एका कलावंताला पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरचे लोकही येऊन बसतात, त्यांच्यासमोर आपली उणीव कशाला दाखवायची, हाही मुद्दा आला. त्यांची काळजी खोटी नाही. हंगाम बुडाला तर कंपनीचा वर्षाचा खर्च निघत नाही.

तरीही गाळण्याचा निर्णय मला पटत नाही. शब्द दुसऱ्याने पुरवले म्हणून त्यामागचं प्रेम उसनं होत नाही, हे नाटकाचं उत्तर त्या एका प्रवेशात आहे. नायक पुढचं वाक्य न घेता गप्प राहतो, प्रॉम्प्टर दोनदा ते पुरवतो आणि तो तिचा हात धरतो. हा प्रवेश गेला, की उरते ती संगणकाची करामत आणि दोन गाणी.

सध्या वडशाकडच्या प्रयोगांत प्रवेश ठेवला जातो, इतरत्र ठरवणं आयोजकांवर सोडलंय. लेखकाने मधला मार्ग म्हणून नायिकेचा प्रश्न गाण्यात घालून दिला होता. कलावंतांनीच तो नाकारला.